दोरीचं दुसरं टोक

त्या दोरीसाठी बाई दोनेक वर्षं सगळ्यांशी भांडल्या होत्या. म्हणून तर पाठीमागे त्यांना सगळा कारखाना दोरीबाई म्हणत असे. तोंडावर अर्थात मॅडम. कारखाना ॲल्युमिनियमच्या घडीच्या शिड्यांचा, आणि बाई तिथल्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे हाताखाली मोजकी माणसं, बसायला एक खोली, आणि कुणाचंही काहीही चुकलं की खापर फोडायला हक्काचं डोकं.

दोरीची गोष्ट अशी होती. शिडी पट्ट्यावरून पुढे सरकत जाते. कुणी भोकं पाडतो, कुणी पायऱ्या बसवतो, मग शिडी उघडी धरून ठेवणारा खटका रिव्हेटने ठोकला जातो, खाली रबरी बूट चढतात आणि शिडी पिशवीत जाते. मधेच कुणाला काही वाकडं दिसलं तर त्याने करायचं काय? तर पुढे ढकलायचं. पुढचा बघून घेईल. पुढच्याच्या पुढेही कुणीतरी असतोच. असं करत करत बघून घ्यायची पाळी शेवटी शिडीवर चढणाऱ्यावर येते, आणि तोवर त्याला बघायला उशीर झालेला असतो.

बाईंनी आधीच्या नोकरीत एका कारखान्यात पट्ट्यावर टांगलेली दोरी पाहिली होती. ज्याला खोट दिसेल त्याने ती ओढायची. पट्टा थांबतो, दिवा लागतो, वरची माणसं धावत येतात आणि ओरडत नाहीत. काय दिसलं, असं विचारतात. बाईंना दोरीपेक्षा त्या न ओरडण्याचंच जास्त अप्रूप वाटलं होतं.

इथे मात्र मोठ्या साहेबांना पटवता पटवता त्यांच्या नाकी नऊ आले. साहेब म्हणजे मालक. गोड बोलणारा माणूस. त्यांनी जन्मात कधी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि त्यामुळे त्यांच्याकडून कधी काही झालंही नाही. ‘उत्तम कल्पना आहे, बघू या,’ हे वाक्य बाईंनी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. मग दर्जाचा एक मोठा पुरस्कार जाहीर झाला, त्याला अर्ज करायचं ठरलं, आणि दोरी एकदम मंजूर झाली. बाई आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या आणि परत येऊन बघतात तो दोरी टांगून, फीत कापून, फोटो काढून सगळं तयार होतं. लालभडक दोरी, तिला लाकडी मूठ, वर तुळईजवळ एक करडी पेटी. बाईंना भरून आलं. त्यांनी साहेबांचे आभार मानले, आणि ते आभार पुढे त्यांना स्वतःलाच फार बोचले.

पुरस्कार मिळाला. मग दर्जा सप्ताह झाला. सकाळी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली, भिंतीवर पाट्या लागल्या, आणि ‘दर्जा हीच आमची ओळख’ असं छापलेले कप वाटले गेले. आठवडाभरात अर्ध्या कपांचे कान निखळले. बाई खरेदीवाल्याकडे तणतणत गेल्या, तर तो म्हणाला, “मॅडम, ते चहा प्यायला नाहीयेत. कपाटात ठेवायला आहेत.”

दोरी मात्र कुणी ओढेना. वर्ष होत आलं तरी एकदाही पट्टा थांबला नाही. मासिक बैठकीत साहेब छाती फुगवून सांगत, “बघा, खोटच नाही तर दोरी ओढणार कशाला? याला म्हणतात दर्जा.” सुरुवातीला बाईंनाही बरं वाटलं. पण शेवटच्या तपासणीत त्यांच्या हाती सैल खटक्याच्या शिड्या यायच्या. त्या बाजूला काढल्या, तरी सगळ्या शिड्या तपासायला माणसं नव्हती. म्हणजे खोट तर होती, आणि ठोकणाऱ्यांना ती दिसत असणार. मग दोरी का ओढत नाहीत?

बाईंनी स्वतःपुरतं उत्तर काढलं. माणसं भित्री आहेत. पट्टा कसा थांबवायचा, हे त्यांना सांगून झालं होतं. आता धीर द्यायला हवा. मग त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून भाषणं दिली. “घाबरता कशाला? मी आहे ना. ओढा बिनधास्त.” माणसं खाली बघत. कुणी नखं कुरतडे, कुणी डब्याचं झाकण घट्ट करत बसे. रिव्हेट ठोकणाऱ्या मावशी तर एकदा बाईंकडे अशा टक लावून बघत राहिल्या की बाई बोलता बोलता अडखळल्या. यांना कणाच नाही, असं मनाशी म्हणत त्या आपल्या खोलीत गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती त्या स्वतःच देत होत्या, फक्त ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास त्या मेंटेनन्सवाल्या काकांनाही बोलल्या. काका दिवे बदलायला, पंखे पुसायला एक जुनाट लाकडी शिडी घेऊन फिरत. पायऱ्यांना सुतळी गुंडाळलेली, एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड. “काका, शिड्यांच्या कारखान्यात तुम्ही हे लाकूड वापरता? पाहुण्यांनी बघितलं तर काय म्हणतील?” काका म्हणाले, “सवय आहे मॅडम.” मग त्यांनी ती गोदामामागे लपवून ठेवली आणि कुणी नसताना वापरत राहिले. म्हातारा हट्टी आहे म्हणून बाईंनीही नाद सोडला.

इथवर सगळं तसं सुरळीत होतं. म्हणजे कंपनीच्या भाषेत सुरळीत.

बाईंचा धाकटा दीर रंगारी होता. नोकरी सोडून त्याने स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी त्याला आपल्या कारखान्याची सगळ्यात उंच शिडी भेट दिली होती. एरवी तो वहिनीच्या कंपनीची यथेच्छ थट्टा करी. “वहिनी, तुमच्याकडे सोमवारी शपथ घेतात, मग मंगळवारपासून काम करायचं काय उरतं?” पण शिडीची थट्टा त्याने कधी केली नव्हती. ती त्याच्या पोटापाण्याची होती.

त्या संध्याकाळी तो आला तेव्हा एका हाताला रुमाल गुंडाळलेला होता आणि रुमालावर रंगाचे नसलेले डाग होते.

“वहिनी, तुमची शिडी आज मला न विचारताच मिटायला निघाली होती.” तो हसत होता. “खिडकीचे गज हाताला लागले म्हणून बरं. नाहीतर आज भिंतीऐवजी मीच रंगलो असतो.”

“मस्करी पुरे,” त्याची बायको म्हणाली. ती त्याच्या मागोमाग आत आली होती आणि अजिबात हसत नव्हती. कडेवर तान्ही पोर होती. तिने बाईंकडे बघितलं. “ताई, मी याच्या मागे लागले होते, कामाची शिडी आहे, चांगली पारखून घे. तर हा म्हणाला, वहिनीने पास केलेली आहे, आता कोण पारखणार? मग मीही निर्धास्त झाले.”

तिने आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्या अंगणात गेल्या, त्याने आणून भिंतीला टेकवलेली शिडी आडवी केली, खटका हलवून बघितला. रिव्हेट भोकात डुगडुगत होता. रिव्हेटच भोकाच्या मानाने पातळ होता. ही खोट आज झालेली नव्हती. ही शिडी कारखान्यातून निघतानाच अशी निघाली होती, आणि कुणीतरी ती हातात धरून पुढे ढकलली होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिडी घेऊनच कारखान्यात शिरल्या. गोदामाच्या दारात ट्रक उभा होता. दुकानांच्या एका मोठ्या साखळीने मोठी ऑर्डर दिली होती, त्यांची माणसं त्याच्या पुढच्या दिवशी बघायला येणार होती आणि त्यांनी मान डोलावली की लगेच माल भरायचा होता. पिशव्यांतल्या शिड्यांची थप्पी छताकडे चढली होती. बाई तिच्याकडे न बघता सरळ पट्ट्यापाशी गेल्या आणि मावशींच्या पुढ्यात शिडी टेकवली.

“हा खटका बघा. माझ्या दिराचा जीव जायचा राहिला. रोज तुमच्या हाताखालून हे रिव्हेट जातात. भोकात सैल बसतात हे तुम्हाला कळत नाही? दोरी तुमच्या डोक्यावर लटकतेय. एकदा, एकदा तरी ओढावीशी वाटली नाही?”

मावशींनी मशीनवरचा हात काढला नाही. एक रिव्हेट ठोकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “ओढली होती, मॅडम.”

“कधी?”

“नवे रिव्हेट आले ना, तेव्हाच. पातळ आहेत ते. मग दोन दिवसांनी परत ओढली. मग या भोकंवाल्याने ओढली. बूटवाल्या पोरीने तर लोंबकळून बघितलं.”

“मग?”

“मग काय. काही झालं नाही. दिवा नाही, पट्टा नाही.” मावशींनी आता वर बघितलं. नजर त्या दिवशी भाषणाच्या वेळी होती तशीच. “आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्यांना दाखवायची आहे ती. तुम्ही सारख्या येऊन ओढा ओढा म्हणायचात, तेव्हा आम्ही म्हणायचो, बाई काय सुंदर काम करतात.”

बाजूचा भोकंवाला खाली मान घालून हसला. आजूबाजूच्या कुणालाच नवल वाटलं नव्हतं.

बाईंनी मूठ धरली आणि ओढली. दोरी वीतभर खाली आली, हात सोडल्यावर परत वर गेली. पट्टा चालूच. खांबावर पट्ट्याचं बटण होतं, त्याला हात लावायचा हक्क फक्त सुपरवायझरचा, आणि तो बाईंना बघून नेमका पाणी प्यायला गेला होता. बाईंनी पुन्हा ओढली. मग मान वर करून त्या दोरीच्या मागोमाग नजर नेत गेल्या. दोरी कप्पीवरून त्या करड्या पेटीत शिरत होती. पेटीतून दुसरीकडे कुठे काही जात नव्हतं. ना वायर, ना पाइप, ना काही. वर्षभर त्या या दोरीखालून ये-जा करत होत्या आणि त्यांनी एकदाही ती ओढून बघितली नव्हती. इतरांना ओढा म्हणून सांगत होत्या. त्यांचं स्वतःचं काम तपासण्याचं होतं. त्यांना स्वतःचीच इतकी चीड आली की ती ओसरायच्या आत त्या साहेबांच्या केबिनमध्ये होत्या.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बसायला सांगितलं. पाणी मागवलं.

“वायरिंग दुसऱ्या टप्प्यात करायचं होतं,” ते म्हणाले. “मग पुरस्कार मिळाला. मग राहून गेलं.”

“राहून गेलं? माणसं वर्षभर एका रिकाम्या पेटीला बांधलेली दोरी ओढतायत, साहेब.”

“ओढून थांबली तर नाहीत ना? कामाला लागली. म्हणजे तितकं गंभीर नसणार.” साहेब अगदी मनापासून बोलत होते, हेच जास्त संतापजनक होतं. “हे बघा, तुम्ही म्हणालात दोरी हवी. दोरी लावली. आता तुम्ही म्हणता पट्टाही थांबायला हवा. मागण्या अशा वाढतच जातात.”

“उद्याचा माल थांबवा. सगळे खटके तपासायला हवेत. रिव्हेट बदलायला हवेत.”

“बघू या की. पाहुणे जाऊ देत. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई. आणि तुम्हालाही अडचण नको. पुरस्कार घ्यायला व्यासपीठावर कोण गेलं होतं? दोरीचं भाषण कुणी केलं होतं?”

भाषण बाईंनीच केलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. जाताना साहेब म्हणाले, “आणि ती शिडी आत घ्या. बरं दिसत नाही.” बाईंनी ती आत घेतली नाही. दोरीच्या बरोबर खाली, खांबाला टेकवून ठेवली.

रात्री जावेने फोनवर विचारलं, “ताई, मग त्याने उद्या कामाला काय घेऊन जायचं?” बाई म्हणाल्या, “शेजाऱ्यांकडून मागून घ्या. माझी नको.” त्यावर ती नुसतं बरं म्हणाली. आपल्या हाताने पास केलेल्या वस्तूबद्दल हे तोंडातून काढताना काय होतं, ते ज्याला काढावं लागतं त्यालाच कळतं.

पाहुणे सकाळी आले. पुढे एक चष्मेवाल्या बाई होत्या, बोलणं कमी आणि बघणं जास्त. साहेबांनी त्यांना पाट्या दाखवल्या, कपाटातले कप दाखवले, पुरस्कार दाखवला आणि शेवटी वाजतगाजत दोरीखाली आणून उभं केलं.

“इथला साधा कामगारही सगळा कारखाना थांबवू शकतो,” साहेब म्हणाले.

“किती वेळा थांबवतात?” चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

“वर्षात एकदाही नाही.”

साहेबांना वाटलं तसं त्या प्रभावित झाल्या नाहीत. त्यांच्या कपाळाला आठी पडली. “एकदाही नाही?”

मावशींचं मशीन ठकठक करत होतं. मावशींना पुढे करायचं, त्यांची नोकरी पणाला लावायची, हे बाईंना नको होतं. दोरी आपण मागितली, भाषण आपण केलं, तर हातही आपलाच हवा. त्या पुढे झाल्या, मूठ धरली आणि ओढली. सगळ्यांनी पट्ट्याकडे बघितलं. पट्टा पुढे जात राहिला. एक शिडी सगळ्यांच्या देखत समोरून सरकत बूट चढवणाऱ्या मुलीपाशी गेली.

“ही दोरी खोटी आहे,” बाई म्हणाल्या. “वरच्या पेटीत काही नाही.”

साहेब हसले. त्यांना हसता येत होतं, याचं बाईंना नंतरही नवल वाटत राहिलं. “मॅडम जरा भावनाप्रधान आहेत. किरकोळ बिघाड असेल. आत्ता उघडून बघू की. काका, शिडी आणा.”

मेंटेनन्सवाले काका कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या डाव्या हाताला नव्याकोऱ्या शिड्यांची छतापर्यंत थप्पी होती. समोर खांबाला दिराची शिडी टेकलेली होती. काका थप्पीला वळसा घालून गेले, गोदामाच्या मागच्या दाराने बाहेर पडले आणि परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर सुतळी गुंडाळलेली लाकडी शिडी होती.

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग चष्मेवाल्या बाईंनी थप्पीकडे बघितलं, लाकडी शिडीकडे बघितलं आणि परत थप्पीकडे बघितलं.

“ती कशाला?” साहेब दात आवळून म्हणाले. “आपली घ्या.”

काका जागचे हलले नाहीत. खांद्यावरचं ओझं सावरत ते म्हणाले, “साहेब, वरचं काम आहे. आपली नको.” त्यांना साहेबांचा पाणउतारा करायचा नव्हता. माणूस आपली सवय सांगतो तसं त्यांनी सांगितलं.

बाईंना एकदम सगळं दिसलं. मावशींना ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, बूटवाल्या मुलीला ठाऊक होतं. सगळा कारखाना या शिड्या बनवत होता आणि त्यातला एकही माणूस त्यांच्यावर चढत नव्हता. चढायला दुसऱ्यांचे दीर होते, दुसऱ्यांचे नवरे होते. आणि या सगळ्यावर पास म्हणून सही बाईंची होती.

त्यांनी दिराची शिडी उचलली, दोरीखाली उघडून उभी केली, खटका खाली दाबला. ती कुरकुरली.

“साहेब, ही आपलीच आहे,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बराच शांत आला. “मीच पास केलीय. तुम्ही चढा आणि पेटी उघडून दाखवा. मी खालून धरते.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“पोरखेळ असेल तर मग काय हरकत आहे? चढा. वर गेलात की मी राजीनामा लिहून देते.”

पाहुणे बघत होते. साहेबांना माघार घेता येईना. त्यांनी कोटाचं बटण काढलं, शिडीला हात लावला, पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला आणि भार दिला. खटका कट्‌ असा वाजला. साहेबांची नजर त्या सैल रिव्हेटवर गेली, तिथून वर पेटीपर्यंत गेली, परत रिव्हेटवर आली. बाईंनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती. साहेबांनी पाय काढून घेतला.

कुणी हसलं नाही. चष्मेवाल्या बाई आपल्या माणसाला हलक्या आवाजात म्हणाल्या, “ट्रक रिकामा परत पाठवा.” मावशींनी मशीन बंद केलं. बाजूच्या भोकंवाल्याने हात आवरला, बूटवाल्या मुलीने हातातला बूट परत डब्यात टाकला. सुपरवायझर दोन वेळा साहेबांच्या तोंडाकडे बघून शेवटी खांबापाशी गेला आणि त्याने बटण दाबलं. वर्षभर इतक्या जणांनी दोरी ओढली तेव्हा पट्टा थांबला नव्हता. साहेबांनी एक पाय मागे घेतला, तेव्हा तो थांबला.

बाई मात्र शिडी धरून तशाच उभ्या होत्या.